फोटो काढणं म्हणजे कर्ज काढणं

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे निघते, त्या दिवशी दिवे घाटात वारकऱ्यांच्या खालोखाल गर्दी असते ती कॅमेऱ्यांची. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या पायऱ्यांवर, पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत, अनंत चतुर्दशीला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर हेच दृश्य दिसतं. या कॅमेरेवाल्यांपैकी कुणालाही विचारा, समोरच्या अनोळखी माणसाचा फोटो काढायचा अधिकार तुम्हाला कुठून मिळाला? दोनपैकी एक उत्तर येतं. पहिलं रोखठोक असतं : 'रस्ता सार्वजनिक, उत्सव सार्वजनिक, ज्याला दिसायचं नाही त्याने घरी बसावं.' दुसरं जरा सभ्य असतं : 'मी विचारून काढतो.' पहिलं उत्तर देणारा दुसऱ्याला भाबडा समजतो आणि दुसरा पहिल्याला उद्धट. मला दोघेही उथळ वाटतात, कारण खटका दाबण्याच्या क्षणी प्रश्न मिटतो असं दोघंही धरून चालतात.

मराठीत आपण फोटो 'काढतो'. चित्र काढतो, रक्त काढतो आणि कर्जही काढतो. फोटोला आपण बिनदिक्कत पहिला अर्थ लावतो : मी काढलं, म्हणून माझं. या लेखाचं म्हणणं असं की, अनोळखी माणसाच्या फोटोला तिसरा अर्थ लागू पडतो. तो उचललेला ऐवज आहे आणि त्याची फेड करावी लागते. काढण्याच्या अधिकारावर आपण खूप वाद घातला. फेडीबद्दल जवळजवळ काहीच बोललो नाही. ही मांडणी मी टप्प्याटप्प्याने करतो.

१. रस्ता सार्वजनिक आहे, चेहरा नाही

'सार्वजनिक जागा' हा युक्तिवाद दोन क्रियापदांची गल्लत करतो : दिसणं आणि दाखवलं जाणं. रस्त्यावर चालणारा माणूस दिसतो, त्याला इलाज नाही. पण तो ज्यांना दिसतो, ते त्यालाही दिसत असतात. नजरेची देवाणघेवाण बरोबरीची असते. फोटोत ही बरोबरी मोडते. तिथे नसलेल्या माणसांना, तो स्वतः हजर नसताना, त्याला दाखवलं जातं.

वारीत एखादी बाई रस्त्याकडेला बसून भेगाळलेल्या टाचांना तेल चोळत असते. शेजारून हजारो माणसं जातात. तिला संकोच वाटत नाही, कारण त्या वाटेवर सगळ्यांचेच पाय दुखत असतात. त्याच टाचा चार फुटी फ्रेममध्ये शहरातल्या थंडगार दालनात लागतात, तेव्हा बघायला आलेल्यांपैकी कुणाच्याच टाचा तशा नसतात. जागा बदलली की अर्थ बदलतो आणि तो बदलताना तिचं मत कुणी घेतलेलं नसतं. ती रस्त्यावर आली ती पंढरपूरला जायला, दालनात टांगून घ्यायला नव्हे.

कायद्याचा आधार घेणाऱ्यांनाही इथे ठाम जमीन मिळत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. केवळ सार्वजनिक जागी गेल्यामुळे माणसाचं खाजगीपण गळून पडत नाही, ते जागेशी नव्हे तर व्यक्तीशी जोडलेलं असतं, हेही त्या निकालपत्रात आहे. तो खटला सरकार आणि नागरिक यांच्यातला होता, रस्त्यावरच्या छायाचित्रकाराचा नव्हे, हे खरं. पण 'घराबाहेर पडला म्हणजे हक्क सोडला' हे गृहीतक त्यात टिकलं नाही, हेही खरं. दुसरीकडे १९५७चा कॉपीराइट कायदा साधारणपणे फोटो काढणाऱ्यालाच त्याचा मालक मानतो. फोटोत दिसणाऱ्याला त्या मालकीत वाटा नाही. म्हणजे कागद माझा आणि चेहरा तिचा, अशी ही विचित्र भागीदारी आहे.

परदेशातही एकमत नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात मॉन्ट्रियलच्या रस्त्यावर पायऱ्यांवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो एका मासिकाने तिला न विचारता छापला. १९९८मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि दोन हजार डॉलर भरपाई कायम केली. गर्दीत सहज आलेला चेहरा आणि मुद्दाम निवडलेला चेहरा यांत न्यायालयाने फरक केला. याउलट न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फिलिप-लॉर्का डिकोर्सिया याने दुरून, नकळत टिपलेल्या चेहऱ्यांचं प्रदर्शन भरवलं आणि प्रती हजारो डॉलरना विकल्या. त्यातल्या एका वृद्ध ज्यू गृहस्थाने धर्माच्या आधारे हरकत घेतली. २००६मध्ये तिथल्या न्यायालयाने कलेच्या स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. एकच कृती एका शहरात दोषी ठरते आणि दुसऱ्या शहरात निर्दोष. 'कायद्याने चालतं' या वाक्याचा अर्थ तुम्ही कुठे उभे आहात, एवढाच उरतो.

२. 'विचारून काढला' हेही पुरेसं नाही

विचारणं न विचारण्यापेक्षा बरं, यात वाद नाही. पण त्याने हिशेब पुरा होत नाही. कारणं तीन.

पहिलं, संमती कशाला, हेच त्या क्षणी ठरलेलं नसतं. फोटो फोनमध्ये राहील, इन्स्टाग्रामवर जाईल, स्पर्धेत जाईल, की पर्यटन महामंडळाच्या फलकावर, हे काढणाऱ्यालाही तेव्हा ठाऊक नसतं. कोऱ्या कागदावर घेतलेली सही आपण व्यवहारात मान्य करत नाही. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र खुशाल करतो.

दुसरं, 'नाही' म्हणायला बळ लागतं. गळ्यात मोठा कॅमेरा, अंगात खिशांचं जाकीट, तोंडात शहरी बोली असा माणूस 'माऊली, जरा इकडं बघा' म्हणतो, तेव्हा वारकरी नकार देत नाही. वारीत कुणी पाणी मागितलं तरी तो नकार देत नाही. ही त्याची रीत आहे. त्या रितीला संमती समजणं म्हणजे त्याच्या सौजन्याचा फायदा घेणं.

तिसरं, दिलेली संमती परत घेण्याची सोय नसते. ना त्याला आपलं नाव माहीत, ना पत्ता.

एकच प्रसंग सांगतो. नीरा गावाच्या अलीकडे एका आजींना मी रीतसर विचारलं. त्यांनी डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरलं, पदर नीट केला, उभ्या राहिल्या. फोटो झाल्यावर म्हणाल्या, "आता मला कसा मिळंल ह्यो?" मी "पाठवतो" म्हणालो आणि पुढे सरकलो. कुठे पाठवणार, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. संमती माझ्या खिशात होती. देणं तिथून सुरू झालं.

३. नक्की उचललं काय जातं?

'कुणाचं काय गेलं? फोटोने माणूस झिजत नाही' असं म्हणतात. झिजत नाही, पण तीन गोष्टी त्याच्या हातून सुटतात.

नाव. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४मध्ये. पुढच्याच दशकात, १८६३ आणि १८६६मध्ये, विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या 'जाती-जमातीं'च्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यातली कित्येक चित्रं दोन फोटो जोडून केलेली होती : माणसं एका जागी टिपलेली, मागचा देखावा दुसरीकडचा. माणूस त्याच्या जागेवरून उचलायचा, सोयीच्या पडद्यापुढे चिकटवायचा आणि खाली जात लिहायची. पाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात सरकारी पुढाकाराने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले. तिथेही तीच रीत : माणूस नमुन्यापुरता. साहेबाला नावं ठेवणं सोपं आहे. पण आपल्या स्पर्धांमधल्या फोटोंखालच्या ओळी वाचा : 'श्रद्धा', 'कष्टकरी', 'सुरकुत्यांची भाषा', 'वारकरी आजी'. दीडशे वर्षांत जातीच्या जागी भावना आली. नाव अजून आलेलं नाही. त्याच पानावर फोटो काढणाऱ्याचं नाव मात्र न चुकता असतं.

नाव न विचारण्याची किंमत काय, याचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. मार्च १९३६मध्ये कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग हिने एका आईचे फोटो घेतले. नाव विचारलं नाही. फोटो छापून आला, तळावर सरकारने अन्न पाठवलं; ते पोचलं तोवर ती बाई मुलांसह पुढच्या कामाच्या शोधात निघून गेली होती. तो फोटो मंदीच्या काळाची खूण बनला. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन आहे, हे जगाला कळलं १९७८मध्ये. त्या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही, याची खंत तिने बोलून दाखवली. लँगचा हेतू चांगला होता, काम मोठं होतं आणि हजारो भुकेल्यांच्या बाजूने तो फोटो बोलला. तरी त्या एका बाईचं देणं बाकी राहिलं. हेतू चांगला असला म्हणजे कर्ज फिटतं असं नाही.

क्षण. प्रत्येक माणूस दिवसभरात शंभर चेहरे करतो. त्यातला कोणता ठेवायचा हे काढणारा ठरवतो आणि ही निवड व्यक्तीपुरती राहत नाही, अख्ख्या समाजाला चिकटते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. शिवाजी पार्कात पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. परत जाताना पिशवीत पुस्तकं, कॅलेंडरं असतात. अनेक वर्षं शहरापर्यंत पोचणारे फोटो मात्र गर्दीचे आणि कचऱ्याचे होते. त्यातला एकही फोटो खोटा नव्हता. निवड खोटी होती.

प्रत. हा मुद्दा सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित. खेड्यातल्या घरात गेलेल्या आजीचा हार घातलेला फोटो जवळून बघा. पुष्कळदा तो मतदार ओळखपत्रावरून किंवा आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला असतो : फिकट, दाणेदार, मान आखडलेली, डोळे कॅमेऱ्याला घाबरलेले. मागे फोटो स्टुडिओवाल्याने निळा पडदा आणि अंगावर नवी साडी जोडून दिलेली. घरच्यांकडे तिचा दुसरा फोटोच नसतो. आणि त्याच आजीचा, आषाढाच्या उन्हात डोक्यावर तुळस घेऊन हसणारा, अप्रतिम फोटो शहरातल्या कुणाच्या तरी हार्डडिस्कवर पडून असतो. 'कुणाचं काय गेलं?' या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

४. सगळी कर्जं सारखी नसतात

देणं सर्वांचं आहे, पण कमी-जास्त. उत्सवात भेटणाऱ्या माणसांचे मी तीन गट करतो.

*सादर करणारा* : ढोल-ताशा पथकातला वादक, बुलेटवर नऊवारी आणि फेटा घालून बसलेली तरुणी, दहीहंडीच्या सर्वांत वरच्या थरावरचा गोविंदा. तो दिसण्यासाठीच सजला आहे. इथे देणं हलकं. पण त्याच्या सादरीकरणापुरतंच. पाणी पिताना ओढणी सरकलेला क्षण त्यात येत नाही, आणि वरच्या थरावरचा गोविंदा लहान मूल असेल, तर तो वरच्या थरावर असला तरी तिसऱ्या गटात जातो.

*सहभागी* : वारकरी, विसर्जनाला आलेलं कुटुंब, जत्रेतला दुकानदार. तो स्वतःसाठी किंवा देवासाठी आला आहे. त्याला दिसायला हरकत नाही, पण तो काही दाखवायला आलेला नाही.

*सापडलेला* : थकून रस्त्याकडेला झोपलेला, रडणारा, भीक मागणारा, दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी, अंगावर आसूड ओढणारा पोतराज. याला 'नाही' म्हणायची उसंतच नसते. आणि नेमका हाच फोटो सर्वांत 'दमदार' मानला जातो. पोतराजाचा आसूड हवेत असतानाचा क्षण आपल्याला हवा असतो. त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला कदाचित तोच लपवायचा असतो. इथलं कर्ज सर्वांत मोठं. फेडायची ऐपत नसेल तर ते काढू नये, हेच शहाणपण.

याला एक अपवाद स्पष्ट सांगतो. मंत्री, अधिकारी, लाठी उगारणारा पोलीस, हत्यार नाचवणारा कार्यकर्ता : सत्ता वापरणाऱ्या माणसाचं त्या वापरापुरतं आपण काहीही लागत नाही. तिथे देणं लागतो ते जनतेचं आणि ते फोटो काढूनच फिटतं.

आता यात काळाची भर घाला. फिल्मच्या जमान्यात गर्दीतला चेहरा गर्दीतच राहत असे. छापलेला अंक रद्दीत जाई. आज चेहरा शोधता येतो. क्लिअरव्ह्यू एआय या अमेरिकी कंपनीने इंटरनेटवरून अब्जावधी फोटो गोळा करून चेहऱ्यावरून माणूस ओळखणारी यंत्रणा उभारली, हे २०२०च्या आरंभी उघड झालं. ते फोटो त्या माणसांनी कंपनीला दिलेले नव्हते. कुणीतरी कुठेतरी सहज टाकलेले होते. मुद्दल तेवढंच राहिलं, व्याजाचा दर मात्र आपल्या हातात उरला नाही.

५. चार आक्षेप

'असं म्हटलं तर इतिहासच उरणार नाही.' मी फोटो काढू नका म्हणत नाही. कर्जाशिवाय शेतीही चालत नाही आणि दुकानही. कर्ज काढणं पाप नाही, बुडवणं आहे. शिवाय नाव, गाव, तारीख नसलेला फोटो इतिहासाच्याही फारशा कामाचा नसतो. 'वारकरी, महाराष्ट्र' या शब्दांवरून अभ्यासक काय करणार? फेडीसाठी जी नोंद लागते, तीच इतिहासाला लागते.

'विचारलं की सहजता मरते.' काही वेळा मरते. मग आधी काढा आणि नंतर भेटा. क्षण हातात आल्यावर पुढे होऊन तो दाखवा, नाव विचारा, नको म्हणाला तर समोर पुसून टाका. सहजतेला धोका आधीच्या विचारण्याने असेल; नंतरच्या भेटीने नाही. नंतरची भेट टाळण्यामागे कला नसते, संकोच असतो, आणि त्याला कलेचं नाव देऊ नये.

'लोकांनाच फोटो हवा असतो. ते स्वतःहून उभे राहतात.' अगदी बरोबर. 'माझा काढा की' म्हणणारे पावलोपावली भेटतात. पण त्यांना हवा असतो तो फोटो. त्यांचा फोटो तुमच्याकडे असणं त्यांना नको असतं. उभा राहणारा माणूस पुढे काय विचारतो ते ऐका : 'कुठल्या पेपरात येणार?', 'मला धाडाल का?' तो प्रत मागतो आहे. हा आक्षेप माझ्याच बाजूचा पुरावा आहे.

'चौकाचौकात सीसीटीव्ही आहे. माझ्या एका कॅमेऱ्याने काय बिघडतं?' सीसीटीव्हीवर वेगळी आणि कडक चर्चा व्हायला हवी. पण तो कुणाच्या भेगा सुंदर आहेत म्हणून जवळ जात नाही, त्यांना शीर्षक देत नाही, त्यांवर बक्षीस घेत नाही. निवड करणारा जबाबदार असतो. शेजारी दुसरा कुणी बघतो आहे म्हणून ती जबाबदारी वाटली जात नाही.

६. फेड कशी करायची

फेडीला फार पैसे लागत नाहीत. थोडी शिस्त लागते.

पहिला हप्ता नावाचा. फोटोनंतर अर्धा मिनिट थांबून नाव आणि गाव विचारायचं आणि फोनमध्ये नोंदवायचं. सांगायचं नसेल तर आग्रह नाही. पण न विचारणं ही सोय आहे, तत्त्व नव्हे. आणि विचारलेलं नाव छापायचं की नाही, हेही त्यालाच विचारायचं.

दुसरा हप्ता प्रतीचा. 'पत्ता कुठून आणणार?' ही सबब उत्सवांत तर अजिबात चालत नाही, कारण आपले उत्सव कमालीचे संघटित आहेत. वारीत दिंडीला क्रमांक असतो, रथापुढची की रथामागची हे ठरलेलं असतं. सामानाच्या ट्रकवर दिंडीचं नाव आणि गाव रंगवलेलं असतं. वर्षानुवर्षं दिंडी त्याच जागी चालते. पथकाचं नाव वादकाच्या पाठीवर असतं. गणेश मंडळाला कार्यालय असतं, कार्यकर्त्याला फोन असतो. घरातल्या नातवाकडे व्हॉट्सॲप असतं. साधी छापील प्रत चहाच्या दोन-तीन कपांच्या किमतीत होते. पुढच्या आषाढात पिशवीत पंचवीस प्रती घेऊन त्याच दिंडीत जा. 'ही तर आमची जाऊ', 'ह्यो दादा गेला औंदा' असं म्हणत त्या हातोहात घरी पोचतील.

तिसरा हप्ता प्रदर्शनाचा. ज्यांचे फोटो आहेत त्यांनी ते आधी बघावेत. शहरातल्या दालनाआधी गावच्या देवळाच्या सभामंडपात दोरी बांधून लावा. तिथे कुणी 'हा नको' म्हणालं, तर तो पुढे न्यायचा नाही.

चौथा हप्ता काळाचा. एका दिवसात शंभर अनोळखी चेहरे टिपण्यापेक्षा दहा वर्षं त्याच माणसांकडे जाणं. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं काम वर्षानुवर्षं टिपलं. त्या फोटोंनी कामगारांची बाजू शहरापुढे मांडली. संदेश भंडारे वारीबरोबर आणि तमाशाच्या फडांबरोबर राहिले. सूनी तारापोरवाला यांनी आपल्याच पारशी समाजाचे फोटो कित्येक वर्षं घेतले. या कामांचा दर्जा त्यांच्या लेन्सवर ठरलेला नाही. जाऊन परत येण्यावर ठरला आहे.

या सगळ्यात एक गंमत आहे. आपल्याकडे कर्जाच्या गोष्टीत धनको नेहमी माडीवर असतो आणि ऋणको बांधावर. या एका व्यवहारात पाट उलटे मांडलेले आहेत : धनको भेगाळल्या पायांचा आणि ऋणको लाखाच्या लेन्सचा. बांधावरच्या माणसाने कर्ज बुडवलं तर त्याच्या दारात जप्ती येते. आपण बुडवलं तर बक्षीस मिळतं. म्हणूनच ही वसुली बाहेरून होणार नाही. ती ज्याची त्यानेच करायची आहे.

तुमच्या फोनमध्ये आत्ता, हे वाचत असताना, अशा किती अनोळखी माणसांचे चेहरे असतील? त्यातला एक निवडा. मागेपुढे कुठे ट्रकवरचा क्रमांक, शर्टावरचं मंडळाचं नाव, दुकानाची पाटी दिसते का बघा. बहुतेक दिसेल. तो फोटो छापून घ्या आणि पोचता करा.